अकोल्याला नेलेली बोर्डो

ज्यांना फ्रान्सबद्दल वाचायचं आहे त्यांनी दुसरं काही वाचावं. मी फ्रान्सला गेलेले नाही आणि या वयात जाईन असं वाटत नाही. माझा प्रवास अमरावती ते अकोला एवढाच. गाडीनं दोनेक तासांचा, मे महिन्यातला, आणि वाटेत पाहण्यासारखं म्हणाल तर दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, एक टोलनाका आणि ऊन. फ्रान्स आमच्या डिक्कीत होता, बाटल्यांमध्ये. आणि ज्याच्याकडे तो नेत होतो त्या मिलिंदची जीभ सोमवारी सकाळी कापणार होते.

हे असं एका वाक्यात लिहायला मला तीन महिने लागले. असो.

अमरावती, शुक्रवार

आम्ही तिघं अकरावीपासूनचे दोस्त. मुकुंद वकिलाचा मुलगा, हुशार, इंजिनिअर होऊन फ्रान्समध्ये गेला तो तिकडचाच झाला. मिलिंद चांदूर बाजारकडचा, वसतिगृहात राहून शिकलेला, पुढे अकोल्यात मराठीचा प्राध्यापक. आणि मी विजया, अमरावतीत माझं औषधांचं दुकान आहे, आणि अख्ख्या चौकाला माहीत आहे की माझ्याशी हुज्जत घालू नये.

मिलिंद बौद्ध. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात पंचशील म्हणजे नुसतं म्हणायची गोष्ट नाही. दर रविवारी वस्तीतल्या विहारात मिलिंद वंदना द्यायचा. म्हणजे तो एक तुकडा म्हणणार, थांबणार, मग सगळी मंडळी तो तुकडा त्याच्यामागून म्हणणार. आवाज असा, की माइक बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. पाचवं शील दारूचं. ते त्यानं असं पाळलं की कॉलेजच्या गॅदरिंगनंतर आम्ही बिअरचे ग्लास भरायचो आणि हा लिंबू सरबत घेऊन बसायचा. सरबत घेऊन, आणि गालात खर्रा ठेवून.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून हातानं घोट घोट घोटायचं आणि गालात दाबून ठेवायचं. मी त्याच्यावर ओरडायचे. तो म्हणायचा, "पाचव्यात दारू हाय, विजे. खर्र्याचं नाव दाखव अन् मंग बोल." खरं तर पाचव्यात मोहात पाडणाऱ्या सगळ्या वस्तू येतात आणि मराठीच्या प्राध्यापकाला त्याचा अर्थ मी सांगायची गरज नव्हती. पण हसण्यावारी नेलं त्यानं, आणि आम्हीही नेलं. आधी तोंड उघडायचं कमी झालं. डॉक्टर ते बोटांनी मोजतात. तीन बोटं जात होती, मग दोन, मग एक. त्याच्या मागून जिभेच्या कडेला ती जखम.

मुकुंदनं तिकडून निघण्याआधी फोन करून विचारलं, काय आणू? मिलिंद म्हणाला, "बोर्डो आण."

मुकुंदला वाटलं गंमत करतोय. आमच्याकडे बोर्डो म्हणजे वाइन नव्हे. मोरचूद आणि चुना कालवून जी निळी पेस्ट करतात आणि संत्र्याच्या झाडाच्या खोडाला फासतात, ती बोर्डो. मिलिंदचे वडील चांदूर बाजारला दुसऱ्यांच्या बगीच्यात मजुरी करायचे. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडंच्या खोडं रंगवायचे, आणि त्यांच्या नखांतला निळा रंग जाता जायचा नाही. कॉलेजात असताना मुकुंदनंच कुठून तरी वाचून सांगितलं होतं की बोर्डो हे फ्रान्समधल्या एका मुलखाचं नाव, तिथल्या द्राक्षवाल्यांनी ते औषध पहिल्यांदा केलं आणि तिथली लाल वाइन जगात नावाजलेली. मिलिंदनं ते लक्षात ठेवलं होतं. फोनवर म्हणाला, "बापाच्या हाताले जे जलमभर लागलं, त्या गावची दारू कशी लागते ते एकदा पाह्यतो. सोमवारनंतर कायची चव न् कायचं काय."

"आणि तुझं शील?" मुकुंदनं विचारलं.

"तेच तं विचारून राह्यलो तुले. तिकडं ते चाखून थुकतात म्हन्ते, खरं हाय काय?"

खरं आहे. मुकुंद शुक्रवारी दुकानात येऊन बसला तेव्हा त्यानं मला सगळं समजावलं. तिकडे चाखणारे लोक एकामागून एक वाइन तोंडात घेतात, घोळवतात आणि बादलीत थुकतात. मोठमोठे लोक, सूट घातलेले. मी म्हटलं, एवढी महागाची दारू थुकतात, बावळट आहेत का? तर म्हणाला, चव तोंडात असते, घशात नाही. दुकानातूनच फोन लावून हे मिलिंदला सांगितलं आणि त्याची फोनवरची हुशारी अजून कानात आहे माझ्या: "मंग जमलं. थुकण्यात तं आपुन डॉक्टरेट हाओ."

त्याला दोन गोष्टी हव्या होत्या, आणि दोन्ही त्या एकाच जिभेवर. शनिवारी बोर्डो चाखायची, आणि रविवारी विहारात शेवटची वंदना द्यायची, पाचही शीलं, कुठेही मान खाली न घालता. थुकलं तर दोन्ही होणार होतं. मी त्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आग होईल, पण गिळणार नसतील तर माझी हरकत नाही.

रस्ता, शनिवार

दोन बोर्डो आणि एक पांढरी. मुकुंदच्या सामानातून त्या मोज्यांत आणि स्वेटरात गुंडाळून आल्या होत्या. आता अकोल्याच्या उन्हात वाइनचं सरबत होऊ नये म्हणून मी दुकानातला लशी ठेवायचा थंड डबा घेतला आणि बर्फाच्या पिशव्या भरल्या. पांढरी बाटली आणि एक बोर्डो त्यात मावली. दुसरी बोर्डो ओल्या टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवली. नवऱ्याला सांगितलं, मिलिंदला भेटायला जाते. डब्याबद्दल त्यानं विचारलं नाही.

मुकुंद म्हणाला, मी चालवतो. बडनेऱ्यापर्यंत मी दम धरला. त्याच्या तिकडच्या गाडीत सिग्नलची दांडी डावीकडे असते, त्यामुळे हा प्रत्येक वळणावर वायपर सुरू करायचा. भर उन्हात, कोरड्या काचेवर करकर करकर. मागचा ट्रकवाला शिव्या देत बाजूनं गेला. बडनेऱ्याला मी त्याला उतरवलं आणि स्टिअरिंग घेतलं.

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मुकुंदनं सोबत चीज आणलं होतं, मिलिंदकडे वाइनबरोबर खायला. त्याचा वास गाडीत असा भरला होता की चहावाला टपरीतून बाहेर येऊन विचारता झाला, "काई मेलं काय गाडीत?" मी पोट धरून हसले. मला वाटतं त्या दोन दिवसांत तेवढंच मोकळं हसले.

चहाच्या बाजूलाच पानठेला. खर्र्यावर बंदी आहे म्हणतात. तो माणूस रस्त्याकडे तोंड करून आरामात पन्नी घोटत बसला होता. मुकुंद त्याचे हात पाहत राहिला. मला राहवलं नाही. म्हटलं, "दादा, हे खाऊन माणसांची तोंडं सडतात, ठाऊक आहे ना?"

"तुमच्यासाठी नाई बनवून राह्यलो ना ताई," तो म्हणाला, हात न थांबवता.

"मग कोणासाठी?"

"येतेच कोनी ना कोनी."

मी भांडणार होते. मुकुंदनं माझा दंड धरून गाडीत बसवलं.  या रस्त्याला झाडं होती पूर्वी, कडुनिंबाची, चौपदरीकरणात गेली. आता सरळ सिमेंट आणि त्यावर थरथरणारं ऊन, डोळे दिपतात नुसते.

बोरगाव मंजूच्या अलीकडे एक गतिरोधक मला दिसला नाही. गाडी उडाली, मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. मी थांबले तोवर रस्त्याकडेचा एक म्हातारा हातवारे करत आमच्याकडे पळत येत होता. "ओ बाई! रगत सांडून राह्यलं गाडीतून!"

टॉवेलातली बोर्डो फुटली होती. डिक्कीच्या फटीतून लाल धार लागली होती आणि रस्त्यावर पडल्या पडल्या सुकत होती. म्हाताऱ्याला सांगितलं, रक्त नाही बाबा, सरबत आहे. त्यानं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, मुकुंदकडे पाहिलं आणि निघून गेला. काचा गोळा करताना मुकुंदचे हात लाल झाले. तो म्हणाला, "एक आहे ना अजून. एक पुरे." आणि तिथेच, बोरगावच्या रस्त्यावर, तो रडायला लागला. मी त्याला पाण्याची बाटली दिली. दुसरं काय देणार?

अकोला, शनिवार संध्याकाळ

अमरावतीकर अकोल्याच्या उन्हाला हसतात आणि अकोलेकर म्हणतात, तुमच्याकडे काय काश्मीर आहे? त्या दिवशी मात्र अकोल्याला मान द्यायला हवा. सहा वाजता सुद्धा घराच्या भिंती तापलेल्या होत्या. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर मिलिंदची बायको, सुनंदावहिनी, पाणी मारत होत्या.

मिलिंद दारात उभा होता. दिवाळीनंतर मी त्याला पाहिलं नव्हतं. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. "या, या, फ्रान्सवाले," तो म्हणाला. त्याचं बोलणं मी इथे सरळ लिहिते आहे. खरं तर प्रत्येक शब्द तोंडातल्या तोंडात दाटायचा, आणि दोन वाक्यांनंतर तो रुमाल ओठाला लावायचा. पण बोलायचा थांबत नव्हता. मुकुंदच्या टकलावर बोलला, माझ्या जाडीवर बोलला, वायपरचं ऐकून गुडघ्यावर थापा मारल्या. एरवी मी त्याला म्हणाले असते, जरा दम घे बाबा. त्या दिवशी नाही म्हणाले.

मी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, तुम्हाला चालणार आहे ना? त्या म्हणाल्या, "मले नका विचारू विजूताई. त्यायची इच्छा हाय. मी सैपाकघरात बसतो." आमच्याकडे बायासुद्धा 'मी बसतो', 'मी जातो' म्हणतात. पुण्यात माझी नणंद हसते त्याला. वहिनी आत गेल्या आणि दार अर्धं लोटून घेतलं.

टेबलावर मुकुंदनं ग्लास मांडले, पांढरं कापड अंथरलं. थुकायला बादली नव्हती. मिलिंदनं स्वतःच पलंगाखालून हॉस्पिटलमधून मिळालेला काजूच्या आकाराचा स्टीलचा ट्रे काढला. मुकुंदनं बाटलीवरचं नाव वाचलं तेव्हा आतून वहिनींचा आवाज आला, "बोर्डो? ते तं झाडाले लावतात." मिलिंद इतका हसला की त्याला जबडा धरून बसावं लागलं.

आधी पांढरी. मुकुंद सांगायला लागला: आधी रंग पाहा, मग वास, मग थोडी तोंडात घेऊन जिभेवरून सगळीकडे फिरवा. 'जिभेवरून' म्हटल्यावर तो अडखळला. मिलिंद म्हणाला, "सांग ना बे. हाय अजून सोमवारपर्यंत."

त्यानं ग्लास उचलला आणि तिथेच अडलं. तोंड एक बोट उघडत होतं, ग्लासची कड आत जात नव्हती. तिरपा करून पाहिला, वाइन हनुवटीवरून गळाली. मी चमचा आणायला उठले तोच दार उघडून वहिनी आल्या आणि त्यांनी टेबलावर चांदीचं बोंडलं ठेवलं. त्यांच्या मुलीचं, तान्ही असतानाचं. तिला ज्यातून दूध पाजायचे ते, चोचीचं. ठेवून पुन्हा आत गेल्या. पांढरी फ्रेंच वाइन मी बोंडल्यात ओतली आणि मिलिंदनं चोच ओठांत धरली.

त्यानं डोळे मिटले. कपाळावर घाम आला, म्हणजे आग होत होती. पण घोळवली. मग ट्रेवर वाकून अगदी स्वच्छ थुकला, एक थेंब बाहेर नाही.

"शील शाबूत," तो म्हणाला.

मुकुंद म्हणाला, "मला यात ओल्या दगडाची चव येते."

"दगड चाटला व्हता काय तू?" मिलिंदनं विचारलं. मग बराच वेळ विचार करून म्हणाला, "संत्र्याची गळ पाह्यली का तुमी? पिकाच्या आंदी झाडावरून हिरवं फळ पडते. आमी ते खाचो. तसंच हाय. थोडं कडू, थोडं आंबट." त्याला खूप बरं वाटलेलं दिसत होतं. मला म्हणाला, "विजे, चव हाय अजून. पूर्री हाय."

मी माझ्या ग्लासातली प्यायले. मला काही संत्रं लागलं नाही, फक्त गार लागली. पण मी म्हटलं, हो रे, अगदी गळीसारखी.

मग बोर्डो. रंग त्यानं खिडकीशी नेऊन पाहिला. वास घेतला, पुन्हा घेतला, आणि म्हणाला, "बापाच्या हाताचा नाई येत." त्याला खरोखर वाटलं होतं की येईल. मी बोंडलं भरलं. मुकुंद समोर बसून बोलत होता, ही जरा अंगावर येईल, जड असते, घाई करू नको.

मिलिंदनं तोंडात घेतली. आणि मग जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्यानं ती जिभेवर फिरवली नाही. गालात नेली. डाव्या गालात, जिथे खर्रा ठेवायचा तिथेच, आणि गाल तसाच फुगला, जसा मी वसतिगृहाच्या फाटकात, लग्नात, परीक्षांच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता. जखमही त्याच बाजूला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"थुक," मुकुंद म्हणाला. "मिल्या, थुक."

मी ट्रे पुढे धरला. मिलिंद वाकला. आणि त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. ट्रेमध्ये नुसती गुलाबी लाळ पडली.

 वहिनी दारात उभ्या होत्या, कधी आल्या कोण जाणे. मिलिंदनं तोंड पुसलं.

"सुपारी," तो म्हणाला. "अबे, हे तं सुपारी हाय."

मुकुंद हळू आवाजात म्हणाला की बरोबर आहे, द्राक्षाच्या सालीत आणि बियांत जो तुरटपणा असतो तोच सुपारीत असतो, एकाच जातीचा. मला त्याला मारावंसं वाटलं. एवढ्या लांबून, मोज्यांत गुंडाळून, बर्फात घालून काय आणलं आम्ही? सुपारी! ज्यानं त्याला खाल्लं तेच बाटलीत भरून आणलं.

वहिनी पुढे आल्या, त्यांनी बोंडलं उचललं. "आग झाली म्हनून गेलं ते," त्या म्हणाल्या. "चुकून गेलेल्यानं शील मोडत नाई. मनात असलं तं मोडते." मुकुंदनं जोरजोरात मान हलवली. मीही हलवली. मिलिंद ट्रेकडे पाहत होता.

आम्हाला वहिनींनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकर वाढली, आणि त्याला तीच भाकर रश्शाविना, दुधात भिजवून, मिक्सरमधून काढून. मुकुंदचं चीज कोणी उघडलं नाही. उरलेली बोर्डो बूच लावून तशीच राहिली.

रविवार, विहार

विहार घरापासून जवळच. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही पायी निघालो. वहिनी आणि मुकुंद पुढे गेले होते, फुलं घेऊन. मिलिंद पांढऱ्या शर्टात, नीट भांग पाडून, माझ्या बरोबर हळू चालत होता. कोपऱ्यावरच्या हापशापाशी थांबला.

"विजे, चुकून नाई गेलं."

मला लगेच समजलं. तरी म्हटलं, "काय?"

"आग झाली, खरं हाय. पन थुकू शकत व्हतो. गालात गेलं न् सुपारीची चव आली. महिने झाले व्हते सोडून. अंग म्हने, राहू दे. थुकवलंच नाई मले." त्यानं रुमाल ओठाला लावला. "गिळलं मीनं. मनानं गिळलं."

मी चिडले. मी अशा वेळी चिडतेच, मला रडता येत नाही. म्हटलं, "एक घोट रे! एक घोट दारूनं काय आभाळ कोसळलं? उद्या तुझं ऑपरेशन आहे. आत जा, पाचही दे, आणि मोकळा हो. कोण विचारतंय तुला?"

"मीच विचारून राह्यलो ना."

"मग वहिनींना सांग."

"तिले नको सांगू. ती म्हन्ते चुकून गेलं. तिले तसंच राहू दे."

विहार भरलं होतं. उद्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून इतर गावांहूनही लोक आले होते. पांढरे कपडे, मेणबत्त्या, उदबत्तीचा वास. आमच्या देवळात घंटा, आरती, रेटारेटी असते. इथे माणसं नुसती मांडी घालून बसली होती आणि लहान पोरंही गप्प होती. मिलिंद समोर बसला. मी पहिल्यांदाच त्याला वंदना देताना पाहत होते, इतक्या वर्षांच्या दोस्तीत कधी गेले नव्हते.

त्यानं सुरुवात केली. शब्द फाटून येत होते. पण त्याचा आवाज, तो मोठा आवाज, तो अजून होता. तो एक तुकडा म्हणायचा, थांबायचा, आणि सगळं विहार स्पष्ट शब्दांत तोच तुकडा परत करायचं, जणू त्याचे चुकलेले उच्चार दुरुस्त करून त्याला देत होते. पहिलं शील. दुसरं. तिसरं. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. ते त्यानं दिलं, लोकांनी म्हटलं.

आणि तो थांबला.

लोक वाट पाहत राहिले. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं दुखतंय. दुखतही असेल. पण मला माहीत होतं. खोटं बोलणार नाही असं आत्ता म्हटलेला माणूस पाचवं कसं देणार? माझ्या मनात आलं, म्हण रे बाबा, म्हणून टाक, उद्यापासून कुठे म्हणणार आहेस! मी मुठी आवळून बसले होते. तो समोरच्या मूर्तीकडे पाहत होता, ओठ घट्ट मिटलेले.

शेवटी मागून वहिनींनी पाचवं दिलं.  अख्ख्या विहारानं म्हटलं. मिलिंदनं ते म्हटलं सुद्धा नाही. हात जोडून बसून राहिला.

परतीच्या रस्त्यावर मुकुंद सारखं म्हणत होता, "शेवटचं तेवढं राहून गेलं बघ त्याचं. थोडक्यात राहिलं." मी गाडी चालवत होते. त्याला सांगितलं नाही. बोरगावपाशी रस्त्यावर कालचा डाग शोधला, दिसला नाही. गाडीत मात्र अजून वास होता.

पुन्हा अकोला

ऑपरेशन सोमवारी झालं. डॉक्टर म्हणाले, नीट झालं. मुकुंद परत गेला. मी पुढच्या पंधरवड्यात एकटीच अकोल्याला गेले, बसनं, कारण गाडीचा तो वास मला सहन होत नव्हता.

मिलिंद हॉस्पिटलच्या खाटेवर टेकून बसला होता. मान पट्ट्यांत, नाकात नळी. वहिनी नळीतून ज्वारीची पातळ पेज घालत होत्या आणि घालताना त्याच्याशी बोलत होत्या, आज थोडा गूळ टाकला, बरं का. त्याला कळणार नव्हतं गोड की अळणी, तरी सांगत होत्या. मला बघून त्यानं डोळे मिचकावले. मी माझं नेहमीचं सुरू केलं, वजन कमी झालं ते बरंच झालं, मला हेवा वाटतो. तो खांदे हलवून हसला. आवाज आला नाही. त्याच्या हसण्याला आवाज नाही, हे मला माहीत असायला हवं होतं, पण नव्हतं.

वहिनी औषधं आणायला खाली गेल्या.

त्या गेल्याबरोबर मिलिंदनं माझ्या मनगटावर हात ठेवला. मग तोच हात उचलून पाची बोटं दाखवली. मला वाटलं पाच मिनिटं, पाच वाजता, काहीतरी. त्यानं मान हलवली. एकेक करून चार बोटं मिटली आणि अंगठा तेवढा उभा ठेवला.

"पाचवं?" मी विचारलं.

त्यानं डोळे मिटून हो म्हटलं.

"वहिनींना येऊ दे ना. त्यांना येतं. मला कुठे..."

त्यानं जोरात नाही म्हटलं, नळी हलली. बोट माझ्याकडे केलं. बरोबर होतं त्याचं. ते मोडलं होतं हे फक्त मला ठाऊक होतं, तेव्हा पुन्हा घ्यायचं तर माझ्याकडूनच. मी हिंदू घरातली, त्या दिवशी त्याच टेबलावर प्यायलेली बाई. माझी जीभ मात्र तोंडात होती.

पाली मला येत नाही. मी मराठीतच म्हटलं, तुकड्यातुकड्यानं, तो विहारात द्यायचा तसं. "मद्य, आणि मोहात पाडणाऱ्या सगळ्या वस्तू..."

आणि थांबले. तशी रीत आहे. देणाऱ्यानं थांबायचं, घेणाऱ्यानं म्हणायचं. मिलिंदनं हात जोडले होते, मनगटात सुईची पट्टी तशीच. त्याचे ओठ हलायला लागले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. त्याचा तो तुकडा म्हणून होईपर्यंत मी थांबले, आणि मग पुढचा सांगितला.